तारेच्या बाहुल्या आणि पॅरिसचा हंगाम

२५ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिस जर्मनांच्या तावडीतून सुटलं आणि शरद संपायच्या आत तिथल्या बड्या फॅशनगृहांनी आपला नवा हंगाम मांडला. चार वर्षं बाहेरच्या जगाला पॅरिसमध्ये काय शिवलं जातंय याचा पत्ता नव्हता. त्यामुळे अमेरिकन आणि ब्रिटिश मासिकांची माणसं मोठ्या उत्सुकतेने आली, आणि पाहून खट्टू झाली. उपाशी शहरात त्यांना फुगीर बाह्या दिसल्या, चुण्यांनी भरलेले घागरे दिसले, आणि डोक्यावर जाळी, फिती, पिसं यांचे इमले चढवलेल्या टोप्या दिसल्या.

त्यांना राग येण्याचं कारण साधं होतं. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपडे कूपनवर मिळत होते. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं. अमेरिकेत १९४२ पासून एल-८५ हा सरकारी हुकूम स्कर्टचा घेर किती असावा आणि दुमड किती असावी हे ठरवत होता. इकडे मुंबईच्या गिरण्या लष्करासाठी कापड विणत होत्या आणि १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आलं होतं. नव्या लुगड्यासाठी थांबणं घरोघरी अंगवळणी पडलं होतं. अशा काळात पॅरिसच्या बायका एका बाहीत एवढं कापड घालतात म्हणजे काय?

यावर पॅरिसच्या कुत्यूर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेल्या उंची कपड्यांच्या, मंडळाचे (शाँब्र सँदिकालचे) अध्यक्ष लुसियँ ललाँ यांच्याकडे उत्तर तयार होतं. आम्ही वाचवलेलं प्रत्येक मीटर कापड जर्मनीला गेलं असतं, मग वाचवायचं कशाला? उत्तर बिनतोड वाटतं, पण ते अर्धंच आहे. ते कापड अंगावर कोणाच्या चढत होतं, हा प्रश्न त्यात राहूनच जातो. युद्धकाळात कुत्यूर कपडे विकत घ्यायला खास कार्ड लागे. १९४१ मध्ये अशी सुमारे २० हजार कार्डं दिली गेली आणि त्यातली जर्मनांसाठी जेमतेम २०० होती. म्हणजे गिऱ्हाईक बहुतेक फ्रेंचच. आणि त्यात लोणी, अंडी आणि चीज काळ्या बाजारात विकून गबर झालेल्यांच्या बायका भरपूर. ‘लोणी-अंडी-चीज’ याच नावाने पॅरिसकर त्यांची टवाळी करत.

तरी ललाँ यांना झटकून टाकता येत नाही. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन अधिकाऱ्यांनी मंडळाच्या कचेरीवर छापा घालून दप्तर उचलून नेलं होतं. सगळा कुत्यूर धंदा बर्लिन आणि व्हिएन्नाला हलवायचा, पॅरिसचे कसबी कारागीर तिकडे न्यायचे आणि तिथल्या मुलींना शिकवायचं, असा त्यांचा बेत होता. त्याच नोव्हेंबरात ललाँ बर्लिनला जाऊन भांडले. त्यांचा मुद्दा धंद्याचा होता. एक झगा म्हणजे एकटा शिंपी नव्हे. त्यामागे लेस विणणारे, बटणं पाडणारे, पिसं रंगवणारे, फिती, कातडं, भरतकाम करणारे असे शेकडो छोटे कारखाने असतात, आणि ते एका शहराच्या गल्लीबोळात एकमेकांना धरून उभे असतात. ते उपटून दुसरीकडे लावता येत नाहीत. जर्मनांना ते पटलं असेल किंवा त्यांना त्यापेक्षा मोठी कामं असतील, पण बेत बारगळला. या धंद्यातले सुमारे १२ हजार कामगार बऱ्याच अंशी जागच्या जागी राहिले.

या पार्श्वभूमीवर १९४४ च्या हिवाळ्यात मंडळापुढे दोन अडचणी होत्या. एक, जगाला पुन्हा पॅरिसकडे वळवायचं होतं, कारण निर्यात हाच या धंद्याचा श्वास होता. दोन, दाखवायला कापड नव्हतं. त्याच सुमारास युद्धपीडितांसाठी काम करणाऱ्या ‘आंत्रेद फ्रान्सेझ’ या संस्थेचे अध्यक्ष राउल दोत्री यांनी निधी उभारण्यासाठी मदत मागितली. डिझायनर नीना रिची यांचा मुलगा रोबेर रिची मंडळात होता. त्याने सुचवलं: बाहुल्या करू. एक तृतीयांश मापाच्या. कापड थोडं लागेल, आणि हंगाम तर पुरता दाखवता येईल.

युक्ती नवी नव्हती, उलट फार जुनी होती. फॅशनची मासिकं निघण्याआधी पॅरिसची नवी तऱ्हा बाहुल्यांच्याच अंगावरून युरोपभर फिरायची. सतराव्या-अठराव्या शतकात त्यांना पांदोर म्हणत. दरबारी पोशाखातली मोठी आणि घरगुती पोशाखातली छोटी. लंडन, व्हिएन्नापर्यंत त्या जायच्या. तिथल्या शिंपिणी त्यांच्या अंगावरचा झगा उलटासुलटा करून शिवण बघायच्या आणि गिऱ्हाइकाच्या मापाने बेतायच्या. लढाई चालू असतानाही या बाहुल्यांना सीमेवर वाट मिळे असं सांगतात. मारी आंत्वानेतची शिवणकर्ती रोझ बेर्तँ अशा बाहुल्या सजवून परदेशी पाठवण्याबद्दल प्रसिद्ध होती. पुढे छापील चित्रं स्वस्त झाली. १८५८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजाने रू द ला पेवर दुकान थाटून कपडे जिवंत बाईच्या, प्रथम स्वतःच्या बायकोच्या, अंगावर दाखवायला सुरुवात केली, आणि बाहुल्यांचं काम संपलं. वर्षातून दोनदा ठरलेल्या वेळी नवे नमुने मांडायचे, परदेशी व्यापाऱ्यांनी ते विकत घेऊन न्यायचे, ही हंगामाची चौकट त्यानंतरच्या काही दशकांत पक्की झाली. जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्यात उन्हाळी कपडे मांडायचे आणि भर उन्हाळ्यात लोकरीचे, हा उफराटा क्रम व्यापाऱ्यांच्या ऑर्डरींसाठी होता. हवेशी त्याचा संबंध एवढाच, की ऑर्डर पुरी होईपर्यंत ऋतू येऊन ठेपावा.

रिचीने काम सोपवलं एलियान बोनाबेलवर. वय २४, पेशाने चित्रकार. तिला नेहमीच्या गुबगुबीत बाहुल्या नको होत्या. खेळण्याच्या दुकानातल्या वाटल्या असत्या. तिने काढलेल्या आकृतीवरून ज्याँ सँ-मार्तँने तारेच्या बाहुल्या वळल्या. उंची सुमारे ७० सेंटिमीटर. अंग नुसतं तारेच्या रेषांचं, आतून पोकळ, आरपार दिसणारं. तार वापरण्यामागे सौंदर्यदृष्टी होती तशी टंचाईही होती, दुसरं काही मिळतच नव्हतं. डोकी प्लास्टरची, कातालान शिल्पकार जोआन रेबुलने घडवलेली. त्याची एक अट होती: चेहऱ्यांना रंगरंगोटी करायची नाही. त्यामुळे ओठ नाहीत लाल, गाल नाहीत गुलाबी. सगळ्या मुखांवर पांढरी, थोडी दूरस्थ शांतता. ही अट फार शहाणपणाची होती असं आज फोटो बघताना वाटतं. रंगवलेल्या चेहऱ्याने नजर वेधली असती आणि कपडे मागे पडले असते.

मग पन्नासहून अधिक फॅशनगृहांत शिवणकाम सुरू झालं. बालेन्सियागा, स्कियापारेली, लान्वँ, ललाँ, पाकँ, वर्थ, ग्रे, फाथ, नीना रिची. १९४४-४५ चा हिवाळा कडाक्याचा होता. कोळसा नाही, वीज मधूनच जायची, हात गारठलेले. अशात एक तृतीयांश मापाचं काम म्हणजे एक तृतीयांश मेहनत असं कोणाला वाटत असेल तर त्याने कधी परकराला काठ लावलेला नाही. माप लहान होतं, पण कापड लहान होत नाही. जी लोकर माणसाच्या अंगावर मऊ पडते तीच बाहुलीच्या कमरेवर ताठ उभी राहते. साधी दुमड घातली तर तिची जाडी बोटाएवढी दिसते. चुण्या तिपटीने बारीक घ्याव्या लागतात, टाके डोळ्यांना न दिसणारे. त्यात आत भरीव अंग नाही. कापड पोकळ तारेवर उभं राहायचं तर ते आतल्या अस्तराने आणि शिवणीनेच सावरायला हवं. कोणत्या कारागिरिणीचा हात चांगला आहे हे अशा कामात लगेच कळतं.

आणि त्या कारागिरिणी थांबेनात. बटणं खोटी नव्हती. काजांतून निघत आणि घातली जात. पर्सच्या आत वस्तू होत्या. झग्याखाली, जिथे कोणी बघणार नाही तिथेही, अंतर्वस्त्रं शिवलेली होती. केशभूषाकारांनी केसांची रचना केली, चांभारांनी बोटभर बूट शिवले, टोप्यावाल्यांनी टोप्या केल्या, आणि कार्तिए, व्हान क्लीफ अँड आर्पेल्स यांनी खरे इवलेसे दागिने दिले. भातुकलीत सुद्धा मूल एवढं खरं करत नाही. हे नुसतं हौसेचं काम नव्हतं हेही लक्षात घ्यावं. ज्या धंद्याबद्दल बर्लिनमध्ये सांगितलं होतं की तो शेकडो छोट्या हातांवर उभा आहे, त्या धंद्याने आपला प्रत्येक हात इथे हजर असल्याचा पुरावाच मांडला होता. बटणवाला गळाला असता तर बाहुलीच्या कोटावर ते लगेच दिसलं असतं.

मार्च १९४५ च्या अखेरीस लूव्हरच्या एका भागात, पाव्हियाँ द मार्सानमध्ये, ‘तेआत्र द ला मोद’ हे प्रदर्शन उघडलं. युद्ध अजून संपलं नव्हतं. जर्मनीने शरणागती पत्करायला पाच-सहा आठवडे अवकाश होता. दोनशेहून अधिक बाहुल्या, आणि त्यांच्यासाठी चित्रकार-नेपथ्यकारांनी उभारलेले छोटे रंगमंच. कलादिग्दर्शन ख्रिस्तियाँ बेरारचं, प्रकाशयोजना बोरिस कोख्नोची. बेरारने चक्क थिएटर बांधलं, रात्रीच्या झग्यातल्या बाहुल्या त्याच्या बॉक्समध्ये बसवल्या. कोणी पॅरिसचे चौक मांडले, कोणी बंदर.

सगळ्यांत वेगळं काम कवी-नाटककार ज्याँ कॉक्तोचं. त्याने आगीत होरपळलेली एक खोली केली. भिंती फुटलेल्या, छपराला भगदाड, आणि त्यातून झाडूवर स्वार झालेली एक वधू-चेटकीण वर उडते आहे. खाली उंची झग्यांतल्या बाहुल्या. दृश्याला नाव दिलं रने क्लेरच्या ‘माझी बायको चेटकीण आहे’ या अमेरिकेत केलेल्या सिनेमाचं. बाकीच्या मांडण्यांत पॅरिस जसं हवं होतं तसं आहे. या एकात ते जसं होतं तसं डोकावतं. बॉम्बने उघडी पडलेली घरं प्रेक्षकांनी येतायेता रस्त्यात पाहिली असणार. रेशमी घागऱ्यामागे जळकी भिंत ठेवायला धाडस लागतं, आणि ते कॉक्तोसारख्या, ताब्याच्या काळातलं ज्याचं वागणं पुढे प्रश्नांत सापडलं अशा माणसाने केलं, हीही एक गंमत.

सुमारे एक लाख लोक आले. दहा लाख फ्रँक जमले. मग बाहुल्या लंडन, लीड्स, बार्सिलोना, कोपनहेगन, स्टॉकहोम, व्हिएन्ना अशा फिरल्या. कूपनं मोजणाऱ्या लंडनकरांनी एक तृतीयांश मापाचे झगे डोळे भरून पाहिले. मोठ्या मापाचे त्यांना विकत मिळणार नव्हतेच.

खरं लक्ष्य मात्र अमेरिका होतं. पॅरिस बंद पडल्यावर न्यूयॉर्कने हात बांधून वाट पाहिली नव्हती. १९४३ मध्ये एलिनॉर लँबर्ट यांनी न्यूयॉर्कचे फॅशनवाले आणि देशभरातले पत्रकार यांची गाठ घालणारा ‘प्रेस वीक’ सुरू केला होता. आजच्या फॅशन वीकची ती सुरुवात. क्लेअर मॅकार्डेल सुती, डेनिमचे, खिसे असलेले, बाईला स्वतःचे स्वतः घालता येतील असे कपडे करत होती आणि ते खपत होते. अमेरिकेला पॅरिसची गरज उरली नाही, अशी भीती पॅरिसला होती, आणि ती रास्त होती. म्हणून १९४६ मध्ये न्यूयॉर्कला निघण्याआधी बाहुल्यांना कपडे बदलले. गेल्या वर्षीचे उतरवून वसंत-उन्हाळा १९४६ चे नवे नमुने चढवले. शिळा हंगाम दाखवून ऑर्डरी मिळत नाहीत.

म्हणून आज उरलेल्या बाहुल्यांवर दिसतो तो १९४६ चा हंगाम, आणि तो बारकाईने बघण्यासारखा आहे. खांदे अजून युद्धकाळातलेच, रुंद आणि भरलेले. लांबी गुडघ्याच्या आसपास. टोप्यांना मात्र अजून अक्कल आलेली नाही. पण कंबर पाहा, ती आवळली जाते आहे. नितंबांपाशी कापड गोलावतं आहे. घेर हळूच वाढतो आहे. युद्ध सुरू होण्यापूर्वी, १९३९ मध्ये, मेनबोखर या डिझायनरने कमरेला कॉर्सेट परत आणलाच होता. युद्धाने अडवलेली ती वाट पुन्हा मोकळी होत होती.

हे सांगायचं कारण म्हणजे पुढच्या वर्षी घडलेली गोष्ट. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ३० आव्हन्यू माँतेन इथे ख्रिस्तियाँ दिओरने आपला पहिला हंगाम मांडला. दिओर तोपर्यंत ललाँच्याच घरात डिझायनर होता. त्याच्या नव्या घरात पैसा होता मार्सेल बुसाकचा, म्हणजे फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या सुती गिरणीमालकांपैकी एकाचा. मऊ उतरते खांदे, मुठीत मावेल अशी कंबर, पोटरीपर्यंत पोचणारा प्रचंड घेर. ‘हार्पर्स बझार’च्या संपादक कार्मेल स्नो यांनी या कपड्यांत काही ‘न्यू लुक’ आहे असं म्हटलं आणि ते नावच चिकटलं. फॅशनच्या पुस्तकांत हा दिवस आकाशातून वीज पडावी तसा सांगतात. तारेच्या बाहुल्या पाहिल्यावर ते मानवत नाही. दिओरचं मोठेपण असं, की जे अनेकांच्या कात्रीतून थोडं थोडं येत होतं ते त्याने एका सकाळी, कसलाही संकोच न ठेवता, पुरतं करून दाखवलं. आणि गिरणीमालकाचा पैसा असलेल्या घरातून घेरदार घागरा निघावा, यात आश्चर्य ते काय! त्याच वर्षी माँमार्त्रच्या रू लपिकवर फोटोसाठी हे कपडे घालून आलेल्या मॉडेलवर भाजीबाजारातल्या बायका धावून गेल्या आणि तिचा झगा ओरबाडला. पावाला रेशन होतं. त्यांचा संताप १९४४ च्या पत्रकारांहून जास्त खरा होता.

बाहुल्या त्या दिवशी एकदम जुन्या झाल्या. दौऱ्याच्या शेवटी त्या सॅन फ्रान्सिस्कोत होत्या. दागिने पॅरिसला परत गेले; ते मौल्यवान होते. बाहुल्या परत मागवण्याची कोणाला गरज वाटली नाही. गेल्या हंगामातला माल, तोही बाहुलीच्या मापाचा! ‘सिटी ऑफ पॅरिस’ नावाच्या तिथल्या मोठ्या दुकानाच्या तळघरात त्या पडून राहिल्या. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या धनवान आल्मा स्प्रेकल्स यांच्या खटपटीने १९५२ मध्ये त्या वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात गेल्या. कोलंबिया नदीवरच्या उजाड कड्यावर सॅम हिल या रस्ते बांधण्याचं वेड असलेल्या गृहस्थाने बांधलेला हा वाडा. तिथे रोदँची शिल्पं आहेत आणि रुमानियाच्या राणीचं सामानही. पॅरिसमध्ये मात्र समजूत होती की बाहुल्या नष्ट झाल्या. १९८० च्या दशकात केंट स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक स्टॅन्ली गारफिंकल यांनी त्यांचा माग काढला. पावणेदोनशेच्या आसपास उरल्या होत्या. त्यांना पॅरिसला नेऊन डागडुजी केली, हरवलेल्या मांडण्यांपैकी काही ॲन सुर्जेर यांनी पुन्हा उभारल्या, आणि १९९० मध्ये पॅरिसकरांनी त्या परत पाहिल्या.

एवढ्यावर ही गोष्ट संग्रहालयात जमा व्हायला हवी होती. पण २०२० उजाडलं. जानेवारीत दिओरचा कुत्यूर शो पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या बागेत थाटात झाला. ज्युडी शिकागो या अमेरिकन कलाकाराचे भव्य ध्वज तिथे लावले होते आणि त्यांवरचं भरतकाम मुंबईच्या ‘चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट’मधल्या बायकांनी केलं होतं. (पुढे ३० मार्च २०२३ ला दिओरने आपला हंगामच गेटवे ऑफ इंडियासमोर आणला, तोही चाणक्यच्या साथीने.) जानेवारीच्या त्या शोनंतर दोनच महिन्यांत महामारीने जगाला टाळं लागलं. जुलैच्या हंगामात प्रेक्षक बोलावणं अशक्य होतं, तेव्हा दिओरच्या तेव्हाच्या प्रमुख मारिया ग्रात्सिया किउरी यांना तारेच्या बाहुल्या आठवल्या. ३७ पोशाख लहान मापात शिवले, ३० आव्हन्यू माँतेनच्या इमारतीच्या आकाराच्या पेटीत ठेवले, आणि दिग्दर्शक मात्तेओ गारोने याने त्यावर फिल्म केली: दोन हमाल ती पेटी घेऊन रानात जातात आणि वनदेवता, जलपऱ्या तिच्यातून कपडे निवडतात.

शिवण अप्रतिम होती, यात वाद नाही. पण फिल्म पाहताना मन रमत नाही. सगळ्या वनदेवता गोऱ्या का, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि तो योग्य होता. त्याहून खटकतं ते हे, की १९४५ च्या मांडणीत शहर होतं, त्याचे चौक होते, कॉक्तोची जळकी खोली होती. २०२० च्या रानात महामारीचा मागमूस नाही.

त्या मानाने मोस्किनो हे इटालियन फॅशनगृह परवडलं. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा तेव्हाचा डिझायनर जेरेमी स्कॉट याने ‘तेआत्र द ला मोद’चंच नाव घेऊन, जिम हेन्सन क्रीचर शॉपकडून कळसूत्री बाहुल्या करवून घेतल्या आणि त्यांच्याकडून रॅम्पवर चालवून घेतलं. कपड्यांची शिवण, अस्तर, बाहेर आलेली टीप मुद्दाम उघडी ठेवली होती, म्हणजे कारागिराचं काम दिसावं. आणि पहिल्या रांगेत ॲना विंटूर यांच्यासह नामवंत समीक्षक, संपादक मंडळी बसली होती, तीही बाहुल्याच. दोऱ्या ओढल्या की त्या मान वळवून कपड्यांकडे पाहत होत्या. खरे समीक्षक घरी लॅपटॉपसमोर बसून त्यांच्याकडे.